निळ्या वहीतला पहिला पासवर्ड

माझी ताई एकसष्ट वर्षांची आहे आणि तिच्याएवढं डोकं अख्ख्या बाजारात कुणाला नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढायची. हिशेबाचा आमचा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. आज एकशे चाळीस दुकानं तो वापरतात. ती लिहिते, मी फोन घेते. दुकानदारांशी बोलायला लागते ती जीभ तिच्याकडे नाही, माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे.

प्रोग्राममधून बिल थेट ईमेलने जातं. त्यासाठी दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड प्रोग्राममध्ये भरावा लागे. तो मीच भरायचे, आणि ठरवायचेही मीच, कारण दुकानदार म्हणायचे, "तुम्हीच ठेवा काहीतरी." सगळे पासवर्ड माझ्या निळ्या वहीत. कुणाला लागला की मला फोन. एकशे चाळीस दुकानांच्या किल्ल्या आपल्या हातात आहेत, याचा मला भारी तोरा होता.

मग ईमेल कंपनीने कळवलं की एक तारखेपासून नुसत्या पासवर्डवर कुठल्याही प्रोग्रामला मेल पाठवता येणार नाही. मालकाने स्वतः कंपनीच्या पानावर लॉगिन करायचं आणि 'या प्रोग्रामला माझ्या नावाने मेल पाठवू द्या' अशी परवानगी द्यायची. मग कंपनी प्रोग्रामला एक परवाना देणार. पासवर्ड प्रोग्रामला दिसणारसुद्धा नाही.

नळवाले काका आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, नळ आणि पाइपांचे घाऊक व्यापारी. त्यांनी फोनवर सरळ सांगून टाकलं, "धाकट्या बाई, एक तारखेला बिलं गेली नाहीत तर मी दुसरा प्रोग्राम घेतोय. सूनबाईंनी बघून ठेवलाय." काका गेले की त्यांच्या ओळखीतली तीस दुकानं मागोमाग जाणार, आणि मग ताईचा प्रोग्राम संपलाच म्हणायचा.

ताई तीन आठवडे मान मोडून बसली. परवाना तासाभरात बाद व्हायचा आणि पुढचं बिल अडकायचं. तो आपोआप नवा करून घ्यायचं तिने जमवलं, कुणाच्या हाती लागणार नाही असा जपून ठेवायचंही जमवलं. या वयात नवीन शिकायला निघाली म्हणून हसणारे दोघेतिघे होते, त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.

एक तारखेला सकाळी मी काकांकडे निघाले, तेव्हा तिने हात पुढे केला.

"वही इथे ठेव. आणि तिथे कीबोर्डला हात लावायचा नाही. मालकाने स्वतः टाकायचं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एकोणीस वर्षं लोकांनी विश्वासाने दिलंय मला!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "उद्या ही वही बसमध्ये राहिली तर?"

मी वही टेबलावर आपटली आणि निघाले.

काकांच्या दुकानात सूनबाई आणि दोन कारकून वाटच बघत होते. कंपनीचं पान उघडलं. पानाने पासवर्ड विचारला.

"टाका काका," मी म्हटलं.

"मी? तो तुमच्याकडे असतो ना!"

आमच्या एकाही दुकानदाराला स्वतःचा पासवर्ड माहीत नाही, हे आम्हा दोघी शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. काकांचा मला तोंडपाठ होता. अडचण वेगळीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या दिवशी तो ठरवला, त्या दिवशी काकांनी मला दोन तास ताटकळत उभं ठेवलं होतं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितला.

"काय? मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."

ताईचे तीन आठवडे डोळ्यांपुढे आले. म्हटलं, जाऊ दे माझी अब्रू.

"खडूसकाका!" मी ओरडले. "इंग्रजी अक्षरांत. आणि पुढे एकवीस."

एक कारकून पेन शोधायला टेबलाखाली गेला तो वर येईना. काकांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःला खडूस लिहिलं. पान उघडलं.

"आधी हा बदलायचा," ते म्हणाले. "सूनबाई, कुठे दाबू ते दाखव."

नवा पासवर्ड टाकताना त्यांनी डावा पंजा कीबोर्डवर आडवा धरला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. मग त्यांनी परवानगीचं वाक्य दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. सूनबाईंनी पहिलं बिल पाठवलं. ते गेलं. मी मुद्दाम तासभर बसून राहिले. त्यानंतरचंही गेलं.

"हे थोरल्या बाईंनी एकटीने केलं?" सूनबाईंनी विचारलं.

"एकटीने," मी म्हटलं. माझी छाती अशी फुगली की खुर्ची अपुरी पडली.

"मग तो दुसरा प्रोग्राम राहू दे," काका म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते हसतच होते. "आणि धाकट्या बाई, मी हा विसरलो तर?"

"तर तुमचं तुम्ही बघा. मला आता विचारायचं नाही."

घरी आले. ताईने चहा पुढे ठेवला. मी वही उघडून पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचता येणार नाही इतकी गिरगटून टाकली. खाली एकशे एकोणचाळीस उरल्या होत्या.

"नवा काय ठेवला त्यांनी?" ताईने माझ्याकडे न बघता विचारलं.

"मला काय माहीत!" मी म्हटलं. एकोणीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होते, आणि ते इतक्या ऐटीत म्हणता येतं हे मला ठाऊक नव्हतं.