पाचवं रीळ

माझा नवरा गुरुनाथ म्हणतो, मला सांगितलेलं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच ठरवते. खोटं कशाला बोलू, आहे ती खोड. ब्राइडीच्या बाबतीत जे झालं ते ह्या खोडीमुळेच झालं.

ब्राइडी आमची घरमालकीण. आयर्लंडमधल्या ड्रोहेडात तिची भिंतीला भिंत लागून दोन घरं होती. एकात ती एकटी राहायची, दुसऱ्यात आम्ही. वय नव्वद, जिभेला धार, आणि माझ्या हातचे पोहे मात्र मागून घ्यायची. २०१७च्या दिवाळीआधी मी साफसफाई काढली आणि मोठ्या बॅगा दोन्ही घरांवरच्या एकत्र माळ्यावर टाकायला चढले. वर हाडं गोठवणारी थंडी. पाण्याच्या टाकीमागे एक चपटा, गंजलेला पत्र्याचा डबा सापडला. आत सिनेमाचं रीळ. झाकणावर शाईने फक्त पाचाचा आकडा काढलेला.

डबा बघताच ब्राइडीने हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे ही इतकी वर्षं माझ्याच डोक्यावर होती," ती म्हणाली.

ही म्हणजे तिची आई, डिलिया. एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला गेली, कॅलिफोर्नियात एका लाँड्रीत लागली. बापाच्या शेतावर घोड्यांत वाढलेली, त्यामुळे कुणीतरी तिला एका मूकपटात घेतलं. टोप्या, बंदुका, धुरळा असला काऊबॉयचा सिनेमा. तो एकच. मग ती परत आली, लग्न केलं, आणि ब्राइडी आठ महिन्यांची असताना क्षयाने गेली. तेव्हा क्षय म्हणजे लपवायची गोष्ट. घरच्यांनी तिचे कपडे, गादी, फोटो, सगळं अंगणात जाळलं. हे पाचवं, शेवटचं रीळ मामाने अमेरिकेहून आणलं होतं, पण ते दाखवायचं मशीन कुणाकडेच नव्हतं. मग ते कुठे गेलं तेही कुणाला आठवेना.

"मी माझ्या आईचा चेहरा पाहिलेला नाही," ब्राइडी म्हणाली. "मामाने तिथे थेटरात पाहिला होता सिनेमा. शेवटी ती घोड्यावरून डोंगराकडे निघून जाते. टेकडीवर थांबते, मागे वळते आणि हसते. मी नव्वद वर्षं तिच्या वळण्याची वाट बघतेय."

मी खिडकीपाशी रिळाचं टोक अलगद सोडवलं आणि उजेडासमोर धरलं. नखाएवढ्या चौकटी. प्रत्येकीत घोड्यावर बसलेली बाई, पाठमोरी. हॅट, आणि पाठीवर लांब वेणी. हातभर उलगडलं तेवढ्यात पुढचे पदर एकमेकांना चिकटलेले लागले. ओढलं असतं तर फाटलं असतं, म्हणून थांबले. मोबाइलवर फोटो काढून ब्राइडीला मोठा करून दिला. तिने त्या वेणीवरून बोट फिरवलं.

"मान माझीच आहे," ती म्हणाली.

डब्लिनमध्ये जुने सिनेमे जपणारी एक संस्था आहे, तिथे मी फोन केला. तिथल्या माणसाने सिनेमाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, हा सिनेमा जगात कुठेच उरलेला नाही. हे रीळ पेट घेणारं असतं, न्यायला खास गाडी लागते, ती जानेवारीत मिळेल. तोवर उघडू नका, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

आता थंड तर हा अख्खा देशच आहे. कोरडी जागा कुठे मिळते, तेवढाच काय तो प्रश्न, असं मी ठरवून टाकलं. आणि कोरडी जागा मला आईने दाखवून ठेवली होती.

२०१४मध्ये आई नागपूरहून आमच्याकडे तीन महिने राहिली होती. इथल्या घरांत जिन्याच्या वर एक कपाट असतं, त्यात गरम पाण्याची टाकी. हॉट प्रेस म्हणतात त्याला, धुतलेले कपडे तिथे वाळतात. आई त्या कपाटावर बेहद्द खूश. "अवं, काहून फुकट घालवतेस ही ऊब? बुरशीचं नाव नाही राहणार!" म्हणून तिने पापड, कुरडया, तूरडाळ, अगदी फोटोंचा अल्बमसुद्धा तिथेच नेऊन ठेवला. काहीही खराब झालं नाही. पुढच्या वर्षी आई अचानक गेली. दोन विमानं बदलून मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चेहरा बघायला मिळाला नाही. पापड मात्र मी अजून तिथेच ठेवते.

तर तो डबा मी मऊ टॉवेलात गुंडाळला आणि पापडांशेजारी ठेवून दिला. फार जपून ठेवलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

त्यानंतर घरात मला चैन पडेना. मी घरूनच काम करायची. सकाळी अकराच्या सुमाराला हीटिंग सुरू झालं की पाइप तापून टक टक वाजायचे. ते पूर्वीही वाजत असणार. पण आता कठीण जमिनीवरून एक घोडा सावकाश चालत जातोय असं वाटायचं. मी लॅपटॉप सोडून जिन्यात जाऊन उभी राहायची. कपाटाच्या बंद दारापलीकडे कुणीतरी उभं आहे आणि त्याची माझ्याकडे पाठ आहे, असं मनात यायचं. दार उघडायचा धीर व्हायचा नाही. उघडलं की टॉवेल, पापड, डबा.

गुरुनाथला सांगितलं तर तो म्हणाला, "पाइप एक्स्पांड होतात यार. इट्स ग्रँड, काही झालेलं नाही. थोडी बाहेर फिरून ये."

ख्रिसमसच्या सुमाराला जिन्यात कुबट वास यायला लागला. मी गुरुनाथच्या जिमच्या बुटांवर आळ घेतला आणि ते दोनदा धुतले.

जानेवारीत तो माणूस आला. डबा कपाटातून काढताना बघूनच त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने अंगणात नेऊन झाकण उघडलं. आत तपकिरी, चिकट गोळा होता, वर भुकटी. वेणी नव्हती, घोडा नव्हता, डोंगरही नव्हता.

"उबेत हे सडतं," तो म्हणाला. "माळ्यावर इतकी वर्षं टिकलं ते थंडीमुळे. तुमचं घर पेटलं नाही हे नशीब."

त्याला काही वाचवता येण्याजोगं राहिलं नव्हतं.

ब्राइडी तेव्हा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. मी दुपारी तिच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. पापडांपासून भुकटीपर्यंत. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती छताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे मान वळवली.

"तू माझ्या नकळत आणखी उलगडलं असशील. मी तुला ओळखते ना. सांग, वळली का ती?"

आयुष्यात एकदाच मी सांगितलेलं ऐकलं होतं. डबा पुन्हा उघडला नव्हता. नाही म्हणायला हवं होतं.

"हो, वळली," मी म्हणाले.

"कशी दिसते?"

"कपाळ रुंद आहे. हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. पुढच्या दोन दातांत फट. हसू आलं की आधी डोळे बारीक होतात, मग ती पटकन हात तोंडावर नेते. तरी हसू लपत नाहीच."

अर्ध्यात आल्यावर मला कळलं, मी माझ्याच आईचा चेहरा सांगतेय. थांबता आलं नाही. ब्राइडी एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती. तीळ केवढा, हात कुठला. मी सगळं दिलं, काही हातचं राखलं नाही.

"अशीच असणार," ती म्हणाली आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं. नवव्या दिवशी ती गेली.

मी खोटं बोलले ह्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तेव्हापासून एक झालंय. आईचे फोटो भिंतीवर आहेत, त्यांत ती कॅमेऱ्याकडे बघत गप्प बसलेली असते. हसायची ती फक्त माझ्या आठवणीत. डोळे मिटले की नागपूरचं स्वयंपाकघर दिसायचं, ओट्यापाशी ती, आणि मी हाक मारली की वळून हसायची. आता स्वयंपाकघर दिसतं, ओटा दिसतो, तिची पाठ दिसते, पाठीवरची वेणी दिसते. पाइप टक टक वाजत असतात. मी हाक मारते, पुन्हा मारते.

ती वळत नाही.