रुसलेलं रक्त

बंद पडलेल्या त्या सिनेमा थेटरात सिनेमा चालू असतानाही एवढी गर्दी कधी झाली नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, दारातही पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि गर्दी सगळी बायकांची. चाळिशी ओलांडलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या, दोन पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभ्या राहणाऱ्या. नवरे मंडळी बाहेर चहाच्या टपरीवर. 'बायकांचं काहीतरी' म्हटलं की पुरुषांना बाहेर फार महत्त्वाची कामं निघतात.

पडद्याच्या जागी लाल मखमल लावली होती आणि तिच्यापुढे रक्तवाले महाराज बसले होते. गालावर तुकतुकी, आवाजात लोणी.

"मायांनो, रक्ताला कान असतात!" महाराज म्हणाले. "तुम्ही घरात चिडता, उलट बोलता, ते सगळं ऐकतं. ऐकून ऐकून रुसतं. रुसलेली बाई काय करते? घर सोडते. रुसलेलं रक्त काय करतं? देह सोडतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. घरात उलट बोलायचीही ज्यांची छाती नव्हती अशा बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून धो धो जातंय, आणि दोष कुणाचा? जिचं जातंय तिचाच. पण टाळी मात्र पडली.

तिसऱ्या रांगेत धाकटी बसली होती. गल्लीत, लाँड्रीत सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण तिची जाऊ थोरली. दोघी एकाच घरात सून म्हणून आल्या आणि एकाच लाँड्रीत कामाला लागल्या. लाँड्री इस्पितळाची. चादरी, गाऊन, ऑपरेशनच्या टेबलांवरची कापडं. आधी थंड पाण्यात रक्त काढायचं, मग सोड्यात भिजवायचं, मग उकळायचं. सोड्याने दोघींचे हात भेगाळून गेले होते.

आज थोरलीची पाळी होती, म्हणजे रांगेतली. तिला आधीच्या फेरीला महाराजांनी काचेच्या वाडग्यात हात बुडवायला लावला तेव्हा पाणी होतं तसंच राहिलं होतं. "बघा, थेंब नाही अंगात!" तेव्हापासून व्रत, अंगारा, मौन, काय काय झालं. आज शेवटची फेरी.

"हात पुसा, संसाराचा मळ बाहेर ठेवा," टॉवेलवाला शिष्य म्हणाला आणि त्याने तिला एक ओलसर टॉवेल दिला. थोरलीने हात पुसले. वाडग्यात बुडवले.

पाणी गुलाबी झालं, मग लाल. बोटांभोवती लाल रंगाचे धागे सुटले आणि सगळा वाडगा भरून गेला.

"आलं! परत आलं! रुसवा गेला!" महाराज गरजले. थेटर हादरलं. थोरली वाडग्याकडे बघतच राहिली, मग लहान पोरीसारखी रडायला लागली. धाकटीनेही हंबरडा फोडला, आनंदाने. खोटं कशाला सांगायचं, तिने स्टेजवर जाऊन महाराजांच्या पायांवर डोकंही ठेवलं.

थोरलीने हात आपल्या पांढऱ्या हातरुमालाला पुसले. रुमाल गुलाबी झाला. घरी पोचेपर्यंत तो पुन्हा पांढरा.

"हे काय गं?" थोरली घाबरली.

"महाराज म्हणालेत ना, रक्त आत मुरतं. मुरलं असणार," धाकटी म्हणाली. दोघींनी रुमाल घडी करून उशीखाली ठेवला. उभा जन्म रक्ताचे डाग काढण्यात गेलेल्या दोन बायका, पण एकीलाही वाटलं नाही की मुरणारं रक्त हे कुठलं नवीन.

थोरलीचं दुखणं वर्षभराचं. पाळी कधी पंधरा दिवसांनी यायची, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की थांबायचं नाव नको. ती काळे कपडे घालायची, कपड्यांचे गठ्ठे उचलताना मागे कुणी नाही ना ते बघायची. शेजारीण म्हणाली, जाताना असंच होतं. सासू म्हणाली, आम्हालाही झालं, मेलो नाही. मोठे दीर, म्हणजे थोरलीचा नवरा, काहीच म्हणाले नाहीत, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग थोरली बर्फ चावायला लागली. गठ्ठ्यांवर खुणा करायचा खडू असतो लाँड्रीत, तो तिच्या तोंडात सापडायला लागला.

"जाऊबाई, खडू काय खाता? पोटुशी आहात की काय?" धाकटी हसायची.

"गप गं. बरं वाटतं," थोरली म्हणायची, आणि दोघी हसायच्या. धाकटीनेही एकदा गंमत म्हणून तुकडा तोंडात टाकला होता. वाईट लागला नव्हता.

शेवटी थोरली इस्पितळाच्या बाई डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. "हिमोग्लोबिन बारा हवं, तुमचं सहा आहे. शरीरातलं लोह वाहून चाललंय. खडू खावासा वाटतो, बर्फ खावासा वाटतो, ते त्याचंच लक्षण. या गोळ्या घ्या, आणि पोटाची तपासणी करून घ्या. एवढं का जातंय ते बघायला पाहिजे, गाठबीठ असेल तर उपाय आहे."

गोळ्यांनी पोट बिघडलं, शौचाला काळं व्हायला लागलं. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, पण भीती वाटली की आधी सांगितलेलं कुणाला आठवतं? मोठे दीर आता जागे झाले आणि तिला महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी गोळ्यांची पट्टी दोन बोटांत धरली. "हे लोखंड आहे, बाई. पोटात गंज चढतोय. काळं दिसतंय ना? तेच ते." गोळ्या गटारात गेल्या. तपासणी राहिली. आणि आता वाडग्यात पाणी लाल झाल्यावर तर विषयच मिटला.

विषय मिटला, पण रक्त थांबलं नाही.

पुढच्या महिन्यात थोरली चादरींचा गठ्ठा उचलायला वाकली आणि ओल्या फरशीवर कोसळली. धाकटीने तिचं डोकं मांडीवर घेतलं तर ओठ आणि खडू एकाच रंगाचे. त्याच इस्पितळात, तिनेच धुतलेल्या चादरीवर तिला झोपवलं.

"साडेतीन," बाई डॉक्टर म्हणाल्या. "ताबडतोब रक्त चढवायला हवं. एवढ्या पातळ रक्तावर हृदय महिनोन्महिने धावतंय, ते थकलंय."

थोरलीने हात ओढून घेतला. "नको. परकं रक्त घेतलं की आपलं पुन्हा रुसतं. महाराजांनी बजावलंय. माझं आलंय, मी डोळ्यांनी बघितलंय." तिला वाक्य पुरं करायलाही दोनदा थांबावं लागलं. दीर पायाशी उभे राहून म्हणाले, "ती म्हणते तर राहू दे. महाराजांना विचारून सांगतो." महाराज दुसऱ्या गावी गेले होते. अख्खा दिवस त्यांना विचारण्यात गेला.

धाकटी तिचे कपडे घरी घेऊन आली. सोड्याचं पाणी करून त्यात टाकले. कपड्यांबरोबर उशीखालचा तो रुमालही आला होता. तो पाण्यात पडला, आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या रुमालावर गुलाबी रंग फुलला.

तिच्या अंगावर काटा आला. रक्त परत आलं! जाऊबाईंचं रक्त परत आलं! एका हातात सोड्याचं भांडं, दुसऱ्या हातात रुमाल, अशी ती इस्पितळात धावत सुटली. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत.

"डॉक्टर, हे बघा! रक्त आलंय त्यांचं!"

बाई डॉक्टरांनी भांडं बघितलं, रुमाल बघितला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजींकडून एक लिंबू मागून घेतलं, कापलं आणि रुमालावर पिळलं. गुलाबी रंग गेला. रुमाल पांढराशुभ्र.

"आता पुन्हा सोड्यात घाल."

पुन्हा गुलाबी.

"शाळेच्या प्रयोगशाळेत असतं हे औषध," डॉक्टर म्हणाल्या. "साध्या पाण्यात दिसत नाही. सोडा लागला की लाल, आंबट लागलं की साफ, वाऱ्यावर सुकलं की आपोआप फिकं. वाडग्यातल्या पाण्यात आधीच घातलेलं होतं. तेच तुमच्या रुमालाला लागलं. तू आयुष्यभर रक्ताचे डाग काढलेस, तूच सांग. लिंबू पिळल्यावर कधी रक्त गेलंय?"

धाकटीने रुमाल उलटून बघितला. नाही गेलं. कधीच नाही गेलं. घासून घासून हात सोलवटले तरी पिवळी कड राहते. हे तिला माहीत होतं, दहाजणींना तिने शिकवलं होतं. आणि तरी ती त्या माणसाच्या पाया पडली होती.

थोरली खाटेवरून सगळं बघत होती. डोळ्यांत पाणी यायलाही अंगात ताकद लागते.

"म्हणजे माझं रक्त आलंच नव्हतं का गं?"

"नाही हो जाऊबाई. नव्हतं आलं."

थोरलीने डोळे मिटले, आणि हात पुढे केला. "चढवा," ती म्हणाली.

रक्त हळूहळू चढवावं लागतं, थकलेल्या हृदयाला एकदम झेपत नाही. पिशवी अर्धी रिकामी झाली असेल. दुपारच्या चहाची गाडी वॉर्डात आली तेव्हा थोरलीचा श्वास अडकायला लागला. डॉक्टर धावल्या, नर्स धावल्या, छाती दाबली. उरलेली अर्धी पिशवी तशीच लटकत राहिली. एक दिवस आधी हात पुढे केला असता तर? हा प्रश्न धाकटीने डॉक्टरांना विचारला. डॉक्टर म्हणाल्या, "बहुतेक वाचल्या असत्या."

थोरलीची चादर धाकटीने दुसऱ्या कुणाला धुवू दिली नाही.

महाराज पुन्हा गावात आले तेव्हा थेटर पुन्हा भरलं. धाकटी शेवटच्या फेरीच्या बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आज ती महाराजांकडे बघतच नव्हती, टॉवेलांकडे बघत होती. शिष्याच्या डाव्या बाजूला एक ढीग, उजव्या बाजूला एक. नव्या बायकांना डावीकडचा टॉवेल, पाणी तसंच. शेवटच्या फेरीच्या बायकांना उजवीकडचा, पाणी लाल. इतकं सोपं होतं. शरम वाटावी इतकं सोपं.

"मौनव्रत पाळलंस ना, बाई?" महाराजांनी विचारलं.

"पाळलं महाराज. आज सोडतेय," धाकटी म्हणाली. शिष्याने उजवीकडचा टॉवेल पुढे केला. तिने तो बोटांत घेतला मात्र, बुळबुळीत लागला. सोडा! ज्या सोड्याने तिची बोटं फाटली होती तोच. तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि नुसता हात वाडग्यात घातला. पाणी ढिम्म.

"श्रद्धा नाही! श्रद्धा कमी पडली!" महाराज कळवळले.

"थांबा की, घाई कसली," धाकटीने हात बाहेर काढला आणि टॉवेल, नुसता टॉवेल, वाडग्यात सोडला.

वाडगा लालभडक झाला.

"काय हो महाराज," धाकटीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "टॉवेलला कधीपासून पाळी यायला लागली?"

पहिल्यांदा एक म्हातारी खिदळली. मग हसू पसरलं, आणि हसता हसता कुणीतरी रडायला लागलं. धाकटीने पिशवीतून अर्धं लिंबू काढून वाडग्यात पिळलं. लाल गेलं. पाणी पुन्हा पाण्यासारखं. महाराज तोवर मखमलीमागच्या दाराने पसार झाले होते, शिष्य मात्र टॉवेल गोळा करताना बायकांच्या तावडीत सापडला.

"पण माझं पाणी तर मागच्या महिन्यात लाल झालं होतं," पुढच्या रांगेतली एक पांढऱ्या ओठांची बाई म्हणाली. "मी गोळ्या सोडल्या."

"आमच्या जाऊबाईंचंही झालं होतं," धाकटी म्हणाली. "गेल्या त्या. ऐका बायांनो. पाळी जायच्या वयात ती मागेपुढे होते, हे खरं. पण दहा-दहा दिवस धो धो वाहणं, गाठी पडणं, याला 'जाताना असंच होतं' म्हणायचं नाही. रक्त रुसत नाही. त्याला कान नसतात. ते वाहून जातं, आणि का जातंय ते तपासलं तर थांबवता येतं. धाप लागते? चक्कर येते? बर्फ, माती, खडू खावासा वाटतो? डोळ्याची खालची पापणी ओढून आरशात बघा. आणि पांढरी दिसो वा लाल, रक्त तपासून घ्या. गोळ्यांनी काळं होतं, त्याला घाबरू नका. मनात शंका आली तर डॉक्टरांना विचारा, आणि विचारायची लाज वाटली तर आमच्या जाऊबाईंना आठवा. त्यांना फार लाज वाटायची."

सगळ्यांना पटलं असं नाही. बाहेर टपरीवर दीर बसले होते. ते म्हणाले, महाराज बरेच होते, आमचंच नशीब फुटकं. दोन-तीन बायकांनी जाता जाता ते सोड्याचे टॉवेल पिशवीत कोंबले. असू देत घरात, कधी लागलेच तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या बाकावर काही बायका येऊन बसल्या. थेटर भरेल इतक्या नव्हत्या, एक बाक भरेल इतक्या. पांढऱ्या ओठांची बाई पुढे व्हायला घाबरत होती. "आधी तुम्ही," ती धाकटीला म्हणाली.

धाकटी कामाचा एप्रन घालूनच आली होती. बाही वर करता करता तिचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. खिशात खडू होता. एका टोकाला कुरतडलेला. तो थोरलीचा नव्हता.

तिने तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला.

"माझं तपासा," ती म्हणाली.