शुक्रवार मास्तरचा

मणका आणि मास्तर सहा वर्षं एकत्र राहिले आणि एका रविवारी फारसं न भांडता वेगळे झाले. भांडण झालं असतं तर बरं, असं मणक्याला पुढे बरेचदा वाटलं. निदान कोणाला तरी नावं ठेवता आली असती. पण मास्तर एवढंच म्हणाला, "आपण आता नुसते शेजारी झालोय रे," आणि ते काही खोटं नव्हतं.

सामानाची वाटणी चहा उकळेपर्यंत आटोपली. सोफा मणक्याला, पुस्तकं मास्तरला, मोठी कढई ज्याला भाजी परतता येते त्याला, म्हणजे मास्तरलाच. खरी घासाघीस झाली ती खाली जिन्यावर बसून, खाण्याच्या जागांवरून. दोघंही जिभेचे गुलाम. सहा वर्षांत गल्लीबोळ हुंगत त्यांनी शहरातल्या चांगल्या जागा हुडकून काढल्या होत्या. उद्या एकाच दुकानात समोरासमोर येऊन घास घशात अडकायला नको, असं मणका म्हणाला. मास्तर हसून म्हणाला, "मग घे वाटून."

आणि त्यांनी खरोखरच वाटून घेतलं. पुलाजवळचं सूपचं दुकान मणक्याचं. तीन प्रकारचे पाव मिळणारी बेकरी मणक्याची. बागेमागचं आइस्क्रीम मास्तरचं. कोपऱ्यावरच्या काकांचं कॅरॅमल कस्टर्ड, वर किंचित करपवलेल्या साखरेचं, हलवलं की थुलथुल हलणारं, ते कोणाचं यावर दोघंही अडले. शेवटी मणका म्हणाला, "घे तू." असं का म्हणाला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. राहिला 'झुंबर' बार. तिथला शुक्रवार मास्तरचा, शनिवार मणक्याचा.

मणका हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो फिजिओथेरपिस्ट. कुलूपवाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्याचं क्लिनिक: दोन पलंग, एक आरसा, रबरी पट्ट्या आणि कमरा धरून बसलेली माणसं. बाहेरही तो समोरच्याला "जरा ताठ बसता का?" म्हटल्याशिवाय राहत नसे. म्हणून 'झुंबर'मध्ये त्याचं बारसं असं झालं. नाव ठेवलं आत्याने.

आत्या म्हणजे साठीचे, टक्कल पडलेले, भारदस्त आवाजाचे गृहस्थ. दिव्यांच्या दुकानाखालच्या तळघरात त्यांनी हा बार थाटला होता. झुंबर तिथे एकही नव्हतं. वरच्या दुकानात पन्नास होती, तेवढ्यावर त्यांनी नाव ठेवून दिलं. संध्याकाळी ते लांब झगा आणि मोत्यांच्या माळा घालून गल्ल्याशी उभे राहत आणि आल्यागेल्याची विचारपूस करत. गे मुलं, लेस्बियन मुली, आपण कोण हे अजून ठरवत असलेले, आणि ते ठरवायचा कंटाळा आलेले, सगळ्यांचीच ती आत्या. कोणाचं घरी बिनसलं, कोणाचं प्रेम फिस्कटलं, पहिला पेला आत्याकडून.

मणक्याने वाटणी अगदी नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी पाळली. कस्टर्डच्या कोपऱ्यावरून जायची वेळ आली की तो रस्ता ओलांडून पलीकडून जाई. शुक्रवारी घरी बसून शर्टांना इस्त्री करी. शनिवारी मात्र नटूनथटून 'झुंबर'मध्ये जाई, दोन गाणी नाचे, चार जणांना ताठ बसवी आणि परतताना सूप पिई. वाईट चाललं होतं असं नाही. फक्त सूप पिताना समोरच्या खुर्चीवर तो पिशवी ठेवी. रिकामी खुर्ची बघवत नसे.

असं वर्ष सरलं, आणि ताई आली.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि घरचाच वैद्य असताना परक्याला पैसे कशाला द्यायचे, असं म्हणत ती महिनाभरासाठी भावाकडे येऊन थडकली. मणक्याचं सगळं तिला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी त्याने तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मला वाटलंच होतं. जेवलास का?" मास्तर तिचा लाडका होता. तो गेल्याचं कळल्यावर तिने फोनवर एकच प्रश्न विचारला: "रडलास की नाही?" त्याने नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग अजून बाकी आहे."

रोज सकाळी मणका तिचा गुडघा वाकवी आणि ती त्याचा उद्धार करी. संध्याकाळी चालायचा व्यायाम. रोज थोडं पुढे, असा नेम. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत, मग औषधांच्या दुकानापर्यंत, आणि एका संध्याकाळी ती काठी टेकत थेट कस्टर्डच्या कोपऱ्याजवळ पोचली. जळक्या साखरेचा वास रस्ताभर पसरला होता. ताईने नाक वर केलं.

"हेच ना ते? मास्तरने मला डबा भरून पाठवलं होतं एकदा. चल, बसू या."

"तू जा," मणका म्हणाला. "मी इथेच थांबतो."

"का? उधारी आहे?"

"नाही गं."

"मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? तोंडाला तर पाणी सुटलंय तुझ्या."

मग त्याला सांगावंच लागलं. खांबाला टेकून त्याने सगळी वाटणी सांगितली: सूप, पाव, आइस्क्रीम, शुक्रवार, शनिवार. ताई आधी ओठ दाबून ऐकत होती. मग तिला हसू आवरेना. काठीवर रेलून ती इतकी हसली की एक बाई थांबून "बरं वाटतंय ना?" असं विचारून गेली.

"जमिनीची वाटणी ऐकली," ती डोळे पुसत म्हणाली, "घराची ऐकली. आमच्या नणंदांनी तर लोणच्याच्या बरण्या वाटून घेतल्या. पण शुक्रवार वाटून घेतलेला मी आजच ऐकते." आणि मग हसू ओसरल्यावर जरा वेगळ्या आवाजात, "वर्षभर असाच उभा राहतोस होय रे इथे?"

"उभा नाही राहत. पलीकडून जातो."

ताई काठी टेकत रस्ता ओलांडून दुकानात गेली. मणका लांबून बघत राहिला. काका फारसे कोणाशी बोलत नसत, पण ताईशी बोलताना दिसले. एकदा दोघांनीही मान वळवून खांबाकडे पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं, धरणीमाय, पोटात घे.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं.

"आणलं नाहीस?"

"काका म्हणतात, ते दोघंही येत नाहीत. उंचवाले मास्तर आणि ताठ बसा म्हणणारे. वर्ष झालं. त्यांना वाटलं तुम्ही दोघं मिळून गाव सोडून गेलात."

मणक्याला आधी नीट समजलंच नाही. मास्तरचं कस्टर्ड, आणि मास्तर येत नाही? म्हणजे तोही दुखावला असेल? त्यालाही एकट्याने घास गिळवत नसेल? घरी येईपर्यंत मणक्याने मनात अशी कितीतरी वाक्यं रचली. घरात शिरताच ताईने बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून हुकूम सोडला, "लाव फोन."

मास्तरने तिसऱ्या घंटेला उचलला. मागे कुठेतरी नळ वाहत होता, कोणीतरी शीळ घालत होतं.

"अरे, कसा आहेस?" आवाज खरोखर आनंदाचा होता.

"बरा आहे. एक विचारायचं होतं. तू कस्टर्ड खायला जात नाहीस का?"

"कुठलं कस्टर्ड? हां, काकांचं. नाही रे, मी आता नदीपलीकडे राहतो ना. इकडून कोण शाळा सुटल्यावर एवढं लांब जाणार? का, बंद झालं का?"

"तुझ्या वाट्याला आलं होतं."

"कसला वाटा?"

नळ बंद झाला. मास्तरला हळूहळू आठवत गेलं असावं, कारण तो पुढे बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

"ते जिन्यावरचं? अरे, ती गंमत होती. तू रडवेला झाला होतास, म्हणून मी... तू खरंच पाळलंस ते?"

"शुक्रवारीसुद्धा जात नाहीस?"

"मी 'झुंबर'ला त्यानंतर एकदाही गेलो नाही. मला वाटलं ते तुझं घर आहे. आपण कशाला तिथे घुसायचं?" मग तो म्हणाला, "माझ्यामुळे तुझं कस्टर्ड राहिलं, हे मला अजिबात आवडलेलं नाही हं."

शीळ घालणारा कोण, हे मणक्याने विचारलं नाही, पण मास्तरने आपण होऊन सांगितलं. माळी होता, शाळेच्या बागेवर. चांगला माणूस, असं मास्तर म्हणाला, आणि मणक्याला ते खरं वाटलं. मास्तरला चांगल्या माणसांची पारख होती. दोघांनी एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मणका तडक स्वयंपाकघरात गेला आणि ओव्हन घासायला बसला. वर्षभर आपण कुंपणाला पहारा देत होतो आणि पलीकडे कोणी राहतच नव्हतं. याचा राग कोणावर काढायचा? मास्तरवर काढता येत नव्हता, ओव्हनवर येत होता. घासता घासता त्याला रडू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. ताई दारात येऊन उभी राहिली. तिने त्याला जवळ वगैरे घेतलं नाही. गुडघा वाकत नसल्यामुळे खाली बसताही येईना, म्हणून तिने काठीच्या टोकाने कोरडं फडकं त्याच्याकडे सरकवलं.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "उद्या कस्टर्ड खाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाल्लं. काकांनी काही न विचारता दोन वाट्या समोर ठेवल्या. मणक्याला ते आठवणीतल्यापेक्षा जरा जास्त गोड वाटलं. ताईला अगदी बेताचं वाटलं. तिने दुसरी वाटी मागवली आणि त्याने तिला थांबवलं नाही. बाहेर पडताना तिने विचारलं, "आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"मग चल. तुझी ती आत्या मला बघायचीय."

"ताई, पायऱ्या आहेत. तळघर आहे ते."

"पायऱ्या उतरायला तूच शिकवलंस ना? बरा पाय आधी की दुखरा?"

"उतरताना दुखरा आधी."

"मग झालं तर."

शुक्रवारचं 'झुंबर' मणक्याने मास्तरबरोबर असताना पाहिलं होतं, पण तेव्हा तिथे तरुणांचा धुडगूस असे. आता आत्यांनी शुक्रवार संथ गाण्यांना दिला होता. दिवस नुकताच कलला होता. जोड्या सावकाश फिरत होत्या. दोन पांढऱ्या केसांच्या बायका डोळे मिटून, एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी ठेवून नाचत होत्या. आत्यांनी ताईला पाहिलं, तिची काठी पाहिली आणि गल्ला सोडून ते स्वतः पुढे आले.

"मणक्या, ही कोण? नाक तर तुझंच आहे."

"मोठी बहीण."

"मग आमचीही. या, बसा. ऑपरेशन कुठल्या गुडघ्याचं? माझा उजवा."

पाच मिनिटांत दोघं अशी बोलायला लागली, जणू एकाच वाड्यात... छे, एकाच प्रसूतिगृहात जन्मली असावीत. ताईने लिंबू सरबत घेतलं आणि आत्यांच्या मोत्यांना हात लावून पाहिला. मणका मोकळा उभा राहिला. ओळखीचे शनिवारचे, इथे तो जवळजवळ नवखाच होता.

तेव्हा त्याला तो माणूस दिसला. पन्नाशीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा, निळा शर्ट. कोणी डावीकडून हाक मारली की तो मान न वळवता अख्खा वळे, कपाट फिरवावं तसा. मणक्याला राहवलं नाही.

"मान डावीकडे वळत नाही ना?"

माणूस अख्खा वळला. "लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर बघायचं. तुम्हाला कसं कळलं?"

"मी केव्हापासून तुमच्या मानेकडे बघतोय."

हे म्हटल्यावर मणक्याचे कान तापले. लिफ्टवाला गालात हसला. "एवढ्या वर्षांत माझ्या मानेकडे कोणी बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "नाचता का? फक्त मला उजवीकडेच फिरवावं लागेल."

ते उजवीकडेच फिरले. मणक्याला घेरी यायची वेळ आली, तरी त्याने थांबू या म्हटलं नाही. गाणं संपलं, दुसरं लागलं. लिफ्टवाल्याच्या हाताला ग्रीसचा पुसट वास होता आणि तो पावलं मोजत नाचत नव्हता, नुसता डोलत होता. मध्येच त्याने विचारलं, "जेवलात?"

"कस्टर्ड खाल्लंय."

"ते जेवण नव्हे. इथून मागच्या गल्लीत एक बाई निखाऱ्यावर मासे भाजते. माहीत आहे?"

मणक्याला माहीत नव्हतं. मास्तरबरोबर सगळं शहर पालथं घातलं असं तो छातीठोकपणे सांगत असे, आणि मागच्याच गल्लीतले मासे त्याला ठाऊक नव्हते. त्याने ताईकडे पाहिलं. ताई आत्यांना गुडघ्याचा व्यायाम शिकवत होती, तोही चुकीचा. तिने हातानेच 'जा' अशी खूण केली.

गल्लीत दोन बाकं होती आणि एक शेगडी. धूर डोळ्यांत जात होता. बाई पंख्याने निखारे फुलवत होती, माशाची कातडी तडतडत होती. लिफ्टवाला बाकावर बसला आणि मणका नकळत म्हणाला, "जरा ताठ बसा." तो निमूटपणे ताठ बसला.

बाईने मान वर करून विचारलं, "तिखट किती?"

लिफ्टवाल्याने मणक्याकडे बघितलं. मणका उत्तर द्यायला गेला आणि अडखळला. मास्तरला तिखट सोसत नसे, त्यामुळे सहा वर्षं दोघांनी बेताचंच मागवलं होतं. आपल्याला किती सोसतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"भरपूर घाला," तो म्हणाला. "आणि पाणी जवळ ठेवा."