दाजींची चौकशी

ऑफिसात सगळे तिला चाळणी म्हणायचे. गोदामांना ट्रक आणि चालक पुरवणारी कंपनी होती ती. कामाला येणाऱ्या प्रत्येकाची आधीच्या मालकाकडे फोनवर चौकशी करायची, हे तिचं काम. जुना मालक म्हणून स्वतःच्या मेव्हण्याचाच नंबर देणारे तिने कितीतरी पकडले होते. 'तुमच्याकडे गाड्या किती?' एवढं विचारलं, की मेव्हण्याची बोबडी वळायची.

एके दिवशी तिच्या टेबलावर चालकाच्या जागेसाठी दाजींचा अर्ज आला. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. वडील गेल्यावर याच माणसाने तिला शिकवलं, फी भरायला स्वतः रांगेत उभा राहिला. तिने जुन्या मालकाला फोन लावला. माणूस सोन्यासारखा आहे, का सोडून गेला कळलंच नाही, असं तो भरभरून सांगत होता.

तिला मात्र कळत होतं. दाजींना फिट यायची. पहिल्यांदा आली ती न्हाणीघरात, आणि दार मोडून त्यांना बाहेर काढणाऱ्या ताई आणि ती, अशा दोघीच होत्या. दुसऱ्यांदा आली ती गाडी वळवताना; नशिबाने मागे भिंत होती, माणूस नव्हता. त्यानंतर दाजींनी आपणहून काम सोडलं होतं. औषधं चालू होती, तरी अधूनमधून यायचीच.

ताई संध्याकाळीच घरी आली. बसलीही नाही.

"तुला खोटं बोलायला सांगत नाही मी," ती म्हणाली. "नुसती गप्प बस. एवढंही होणार नाही तुझ्याच्याने?"

"ताई, रस्त्यावर फिट आली तर?"

"आणि घरात बसून येत नाही का? दिवसभर भिंतीकडे बघत बसतात ते. तू येतेस तेव्हा हसतात, म्हणून तुला दिसत नाही."

तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना खरं काय ते सांगितलं आणि दाजींना गोदामात बसून करायचं काही काम द्या, म्हणून अक्षरशः पदर पसरला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आजारी माणूस ठेवून उद्या काही झालं तर कुणी निस्तरायचं, असं म्हणाले, आणि दाजींना ठेवू नका, असं कंपनीशी व्यवहार असलेल्या सगळ्या गोदामांना कळवून टाकलं. आता तिथे फाटकावर बसायचं कामसुद्धा त्यांना कुणी देणार नव्हतं. भलं करायला गेली आणि होती ती वाटही बुजवून आली.

ताईने बोलणं टाकलं. दाजी मात्र एकदा स्वतःच आले, दारातच उभे राहिले.

"तू बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं," ते म्हणाले. मग चप्पल सरळ करत खाली बघूनच म्हणाले, "दुसरीकडे लागलोय. खडीचा डंपर आहे. तिथे कुणी काही विचारत नाही."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवस ती घुसमटत राहिली. मग तिने डंपरवाल्या ठेकेदाराचा नंबर मिळवला आणि ज्या आवाजात आजवर शेकडो चौकश्या केल्या, त्याच आवाजात सगळं सांगून टाकलं. पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

"बाई, धडधाकट माणसं आमच्याकडे येतात कुठे?" ठेकेदार म्हणाला. "येईल त्याला बसवतो. हा निदान पिऊन तरी येत नाही." आणि कोण बोलतंय हेही न विचारता त्याने फोन ठेवला.

साहेबांनी पुढचे अर्ज पाठवले होते. तिने वरचा उचलला आणि त्या माणसाच्या जुन्या मालकाला फोन लावला. खाली रस्त्यावरून एक डंपर गेला, तशी काच थरथरली. पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं आणि काय विचारायचं असतं ते तिला काही केल्या आठवेना.