वेगळी लाईन

प्रेरणाचं, म्हणजे माझ्या थोरल्या गोरखच्या लेकीचं लग्न झालं त्या साली दिवाळीला धाकट्या सोमनाथनं पुण्याहून गाण्यांचा सेट आणला. दोन उंच स्पीकर आणि एक जड पेटी. मार्गासनीच्या पुढं आमची वाडी. घर एक, मीटर एक, चूल एक. मालक गेल्यापासून मी तेवढंच राखलं होतं.

संध्याकाळी दोघं भाऊ भजनं ऐकत बसायचे. पण गोरखची बायको मोहिनी पडवीत घरघंटी चालवते, वाडीचं दळण दळून देते. घरघंटी सुरू झाली की स्पीकर गुणगुणायचे.

"ह्यात भुंगा बसलाय बग," गोरख म्हणायचा. "बुवापेक्षा त्योच मोठ्यानं गातो."

"काढतो त्याला, दादा."

दिवाळसण झाल्यावर गोरख लेकीला पोचवायला आंबवड्याला गेला. व्याह्यांनी आग्रहानं ठेवून घेतलं. तेवढ्यात सोमनाथनं संपत वायरमनला बोलावलं. संपत म्हणाला, घरघंटी आणि फ्रीज ज्या लाईनीवर आहेत तिच्यावर हा सेट नको. त्यानं मीटरपासून सेटसाठी जाड वायर वेगळी ओढली, तिला बटणही वेगळं दिलं. घराचं जुनं अर्थिंग गंजलं होतं, म्हणून अंगणात खड्डा खणला आणि मीठ-कोळसा घालून नवं केलं.

परत येताना गोरखला मार्गासनीच्या स्टँडवर संपतच भेटला. त्याला चेष्टेची खोड.

"गोरखदादा, सोमनाथ वेगळा झाला की तुमचा. पार मीटरपासनं."

चार माणसं हसली. आमच्याकडं वेगळा झाला याचा अर्थ एकच होतो. गोरखनं घरी येऊन वायर पाहिली, खड्डा पाहिला.

"आई, वाटणी झाली म्हनं?"

"अरं, लाईन वेगळी केलीय. तुज्या भुंग्यासाठी."

"मोहिनीच्या घरघंटीचा इटाळ व्हतो व्हय त्याला?"

सोमनाथ आतून आला. "दादा, तूच म्हणत हुतास ना, आवाज येतो म्हणून?"

"म्या आवाज काढ म्हणलं. वेगळं निघ न्हाई म्हणलं."

"मग बस तसंच समजून." सोमनाथलाही राग आला.

दुसऱ्या दिवशी गोरखनं मोहिनीला पडवीत वेगळी चूल मांडायला लावली. गोरखनं मला विचारलं, "आई, तू कुनीकडं?" मी सकाळी पडवीत जेवले, रात्री आत. सोमनाथनं सेटवर चादर टाकली ती टाकलीच.

मार्गशीर्ष असाच गेला. अमावस्येला संपत आपणहून आला, गोरखपुढं बसला.

"दादा, चेष्टा केली म्या. चुकलं. खड्डा साऱ्या घराचा हाय. वैनींच्या घरघंटीची तार बी त्यालाच जोडलीय."

संध्याकाळी गोरख आतल्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"लाव की रं," म्हणाला.

सोमनाथनं चादर काढली. पडवीत दळण चालू होतं, तरी भजन स्वच्छ आलं, टाळ वेगळा, मृदंग वेगळा. गोरख भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

"गेला भुंगा."

मी म्हटलं, "मग उद्यापासनं चूल एक करा."

"उद्या पौष लागतोय, आई. पौषात नगं. माघ लागला की करू."

पौषात घरात नवं काही मांडायचं नाही, हे पोरांना मीच शिकवलेलं. मी बरं म्हटलं. सोमनाथही हसून व्हय म्हणाला.

पौषातच एका सकाळी गोरखच्या छातीत कळ आली. शेजारच्या धनाजीच्या टेम्पोत सोमनाथनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पायांशी बसले होते. दवाखान्यापर्यंत पोचलो नाही. घरी आणलं, तेव्हा पडवीतल्या चुलीवर मोहिनीनं ठेवलेलं पाणी तसंच उकळत होतं.

माझा थोरला मुलगा गोरख पौष वद्य सप्तमीला, नसरापूरच्या अलीकडं वाटेत वारला.