गाणं सुरू झालं की विझणारा हीटर

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलेल्यांनीही आत यावं. तिथे वाऱ्याची तिरीप येते आणि गोष्टही थंडीचीच आहे, उगाच दोन्हीकडून गारठाल. गोष्ट आहे एका आईची, तिच्या लेकाची आणि छताला टांगलेल्या एका लोखंडी पेटीची. ऐकून पोट भरणार नाही, पण थोडी ऊब नक्की मिळेल, एवढं वचन माझ्याकडून घ्या.

तर एक मिस्त्री होता. गॅसवर चालणारे मोठे हीटर बसवणं हा त्याचा धंदा. घरात कोपऱ्यात ठेवतात ते नव्हेत. गोदामात, गॅरेजात, छपाईच्या कारखान्यात वर टांगतात ते. पाठीला पंखा, पोटात निळ्या ज्योतींची रांग आणि तोंडाला पट्ट्यांची जाळी. पंखा मागून गार हवा ओढून घेतो, तापलेल्या नळ्यांवरून पुढे ढकलतो आणि खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर देवाने मायेचा हात ठेवावा तशी गरम हवा उतरते. धूर वेगळ्या नळीने भिंतीबाहेर. मिस्त्रीचं काम चोख. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येत नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो शिडीवरून उतरायचा नाही.

या मिस्त्रीचे वडील आदल्या वर्षी गेले आणि आई मुकी झाली. म्हणजे वाचा होती, पण बोलणं सरलं. "जेवतेस?" "हो." "बरं वाटतंय?" "हो." खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची. नवऱ्याच्या कपड्यांचं कपाट तिने कुलूप लावून ठेवलं होतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. सून म्हणायची, "सासूबाई मला दोन शब्द रागावून बोलल्या तरी चालेल हो. घर कसं दुकान बंद झाल्यासारखं वाटतंय."

मग शेजारच्या गाण्याच्या बाईंनी एक दिवस तिला हाताला धरून नेलं. बाईंचं एक मंडळ होतं. पिकल्या केसांची माणसं आठवड्यातून काही संध्याकाळी जमायची आणि देवाची गाणी म्हणायची. जागा म्हणजे एक जुनं फर्निचरचं गोदाम, पत्र्याचं छप्पर, एका टोकाला लाकडी चौथरा. आई पहिल्या दिवशी नुसती बसली. दुसऱ्या खेपेला ओठ हलले. महिन्याभरात घरी येऊन सुनेला म्हणाली, "आमच्या मंडळातल्या त्या चावीकाकांचा आवाज म्हणजे अडकलेलं दार गं." सून ओट्याशी उभी राहून हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. घर उघडलं होतं.

पण थंडी आली. पत्र्याखाली श्वासाची वाफ दिसायला लागली. चावीकाका, म्हणजे मंडळाच्या सगळ्या किल्ल्या कमरेला बांधून फिरणारे गृहस्थ, मिस्त्रीकडे आले. मिस्त्रीने मनावर घेतलं. चौथऱ्याच्या वर, तुळईला चार सळ्या घट्ट आवळून त्याने हीटर टांगला, धुराची नळी भिंतीतून काढली, सगळं तपासलं. कळ दाबली. आतला छोटा पंखा फिरला, ठिणगी पडली, ज्योती पेटल्या, थोड्या वेळाने मोठा पंखा घुमला. आईने वर बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या लेकाने लावलाय." मिस्त्रीला त्या वाक्याची मजुरी पुरली.

आणि मग खोड सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात चावीकाकांचा फोन. "मिस्त्री, तुमचा हीटर आमच्या गाण्यावर रुसतो बघा. सुरुवातीला पेटतो, दुसरं गाणं संपेस्तोवर गार."

मिस्त्री गेला. चालू केला. हीटर शहाण्या मुलासारखा चालत राहिला. त्याने ज्योतीची खबर देणारी कांडी काढून घासली, गॅसचा दाब मोजला, भिंतीबाहेर जाऊन धुराच्या नळीत पक्ष्याने घर केलंय का बघितलं. काही नाही. तो घरी आला आणि संध्याकाळी पुन्हा फोन. गाणं सुरू, हीटर बंद.

"आपल्या आवाजाला घाबरत असेल," चावीकाका म्हणाले.

"तुमच्या एकट्याच्या," मागून आईचा आवाज आला आणि सगळे हसले. मिस्त्री हसला नाही.

पुढच्या खेपेला त्याने पेटीचं झाकण उघडून आतला लाल दिवा कसा लुकलुकतोय ते नीट बघितलं. त्या लुकलुकण्यात खूण असते. यंत्राची ती बोली. खूण सांगत होती, फार तापलो म्हणून थांबलो. त्या पेटीत एक बोटाएवढा रखवालदार असतो. आतली धग हद्दीबाहेर गेली की तो गॅस तोडतो. पण धग वाढणार कशी? पंखा जोरात फिरतोय, जाळीच्या पट्ट्या उघड्या आहेत, पात्यांवर धूळ नाही. मिस्त्रीने ठरवलं, रखवालदारच म्हातारा निघाला. नवा बसवला.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवा रखवालदारही त्याच संध्याकाळी तसाच वागला.

आता मंडळी कंटाळली. खोकले सुरू झाले होते. गाण्याच्या बाई शाल गुंडाळून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्यावर राग नाही. पण माझ्याकडची सगळ्यात लहान गाणारी साठीची आहे. या रविवारी जमलं नाही, तर थंडी सरेपर्यंत बंद ठेवू या. उन्हाळ्यात भेटू."

मिस्त्रीने आईकडे बघितलं. ती चष्मा पुसत होती. घरी परत येताना गाडीत त्याने विचारलं, "थंडी वाजली का गं?"

"नाही," आई म्हणाली आणि घर येईपर्यंत दुसरा शब्द नाही. घरी येऊन ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. सून स्वयंपाकघरातून डोकावली, नवऱ्याकडे बघितलं आणि भांडी हळू ठेवायला लागली.

उन्हाळा फार लांब होता.

रविवारच्या सकाळी मिस्त्री पुन्हा शिडीवर. चावीकाका खाली शिडी धरून. हीटर अर्थातच छान चालत होता.

"मी म्हणतो," चावीकाका हळूच म्हणाले, "तो रखवालदार काढूनच टाका ना. दोन तारा जोडल्या की झालं. माझ्या भाच्याने मिक्सरचं तसंच केलंय."

तुम्हाला सांगायला हरकत नाही, मिस्त्रीचा हात क्षणभर थांबला. वायरचा तुकडा खिशात होता. जोडला असता तर संध्याकाळी गाणं झालं असतं, आई बोलली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. काम मिनिटाचं.

"नाही काका," तो म्हणाला. "तो उगाच ओरडत नाही. कशाला ओरडतो ते मला कळत नाही, हा माझा दोष. त्याचं तोंड बांधून काय होणार?"

"मग संध्याकाळी?"

"बघतो," मिस्त्री म्हणाला. बघायचं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुपारी जेवताना त्याच्या बायकोने त्याला वाढता वाढता विचारलं, "तुम्ही असताना चालतो आणि नसताना बंद पडतो, होय ना?"

"होय."

"मग तुम्ही नसताना जा की."

"मी नसताना मी कसा जाऊ?"

"न सांगता हो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दरवेळी फोन करून जाता, 'येतोय' म्हणून. पाहुणा येणार म्हटल्यावर कोण घर आवरत नाही?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला.

संध्याकाळी त्याने आईला दाराशी सोडलं, "मला एक काम आहे" म्हणाला आणि गाडी पुढच्या गल्लीत उभी केली. गाणं सुरू झाल्याचं ऐकू आलं तेव्हा तो मागच्या दाराने, चौथऱ्याच्या बाजूने, बूट काढून आत शिरला.

आतलं गाणं भरात होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, बाईंचा हात हवेत. मिस्त्रीने वर बघितलं.

हीटरच्या पाठीवर, पंख्याच्या तोंडावर, एक जाड गोधडी बांधलेली होती. चारी कोपऱ्यांना नाड्या, नाड्यांना छान गाठी. थंडीत बाळाला लपेटावं तशी. आणि पंखा बिचारा कापडातून घोट घोट हवा ओढत होता, नाकावर उशी दाबलेल्या माणसासारखा. तो बघत असतानाच आत टक् झालं आणि निळ्या ज्योती विझल्या.

मिस्त्रीने कोपऱ्यातली शिडी लावली, वर चढला, गाठी सोडल्या. गोधडी हातात आली आणि त्याने त्यातली कापडं ओळखली. निळ्या चौकटीचा सदरा, फिकट पिवळा सदरा, वडिलांचा तो एक तपकिरी, कोपर झिजलेला. आईने ते कुलूपबंद कपाट उघडलं होतं. घरात कुणाला न कळता, दुपारी सगळे बाहेर असताना, बारीक टाक्यांनी सदरे जोडले होते.

गाणं थांबलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. चावीकाका किल्ल्या चाचपायला लागले.

"ही कुणी बांधली?" मिस्त्रीने विचारलं.

आई म्हणाली, "मी शिवली. बांधली या चावीकाकांनी."

"स्टूल माझं होतं," चावीकाका म्हणाले.

"का पण?"

आई उठून चौथऱ्यापाशी आली. "तो गुणगुणतो रे. आमचा सूर एकीकडे आणि त्याचा भलतीकडे. बाईंचा सूर सारखा घसरायला लागला. कुणी तक्रार करणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा, मी बंदोबस्त करते."

"मग मला सांगायचं नाही? मी दर खेपेला आलो तेव्हा ही कुठे असायची?"

"मी काढून ठेवायला लावायची," आई म्हणाली. "तू एवढ्या हौसेने बसवलास. त्याचा आवाज होतो असं तुझ्या तोंडावर कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं."

मिस्त्री शिडीच्या मधल्या पायरीवर बसला. खिशातली वायर त्याच्या मांडीला टोचली. ती जोडली असती तर आतल्या नळ्या लालबुंद होईपर्यंत काही थांबलं नसतं, आणि ही गोधडी तिथेच होती, आणि खाली पहिल्या रांगेत आई. त्याने वायर काढून चौथऱ्यावर ठेवली.

"आई," तो म्हणाला, "यंत्राची खोड मला सांगितलीस तर मला वाईट वाटत नाही गं. ते माझं कामच आहे. न सांगितलीस तर मात्र..." त्याने पंख्याकडे बोट दाखवलं. "हा पंखा त्याचं नाक आहे. तू त्याचं नाक बांधलंस."

आईने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई. मला वाटलं, पाठ आहे."

बाईंना हसू आवरेना. मग सगळ्यांनाच.

"आणि चूक माझीपण आहे," मिस्त्री म्हणाला. "आजवर गोदामातच टांगले. तिथे कोण सूर लावतो? सळ्या थेट लोखंडाला आवळल्या, की सगळी तुळई त्याच्यासोबत गुणगुणते. बाई, मला जरा वेळ द्या."

गाडीत रबराच्या जाड चकत्या होत्या, पंपाखाली घालतात त्या. चावीकाकांनी आणि आणखी दोघांनी पेटीला खालून आधार दिला, मिस्त्रीने एकेक सळी सैल करून तिच्या बुडाशी रबर बसवलं, बाजूचा एक ढिला पत्रा घट्ट केला, गॅसचे जोड पुन्हा साबणाच्या पाण्याने तपासले. मंडळी शाली गुंडाळून खाली बसून सूचना करत होती. एकीने तर शिडीवरच्या माणसाला जेवलास का म्हणून विचारलं.

मग कळ दाबली. छोटा पंखा, ठिणगी, ज्योती. मोठा पंखा घुमला. सगळे कान देऊन बसले. आवाज होता, पण आता झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "एवढा चालेल," त्या म्हणाल्या. "एवढा तर चावीकाकांचाही चालवून घेतो."

गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. दुसरं झालं, तिसरं झालं. मिस्त्री भिंतीला टेकून ज्योतींकडे बघत उभा होता. त्या विझल्या नाहीत. हळूहळू शाली उतरल्या, कुणीतरी टोपी काढली. आई दुसऱ्या कडव्यात चुकली आणि शेजारणीला कोपर मारून हसली.

परतताना गाडीत ती बोलत राहिली. बाई कुठे श्वास घेतात, शेजारीण कुठे शब्द खाते, चावीकाकांना लग्नात नवरीकडच्यांनी गाऊ दिलं नव्हतं म्हणे. घराच्या दाराशी आली तरी गोष्ट संपेना, म्हणून मिस्त्रीने गाडी बंद केली आणि तशीच ऐकत बसला. आत सून दिवा लावून वाट बघत होती.

एवढीच गोष्ट. देवाने सर्वांना असं घर द्यावं आणि बोलायला तोंड द्यावं. आणि एक मागणं आहे. थंडीच्या दिवसांत तुम्ही कुठे उबेत बसाल आणि मनात सूर येईल, तेव्हा त्या आईची आठवण काढा. लेकाचं मन दुखू नये म्हणून ती थंडीत कुडकुडत गात राहिली. आणि जमलं तर घरी जाऊन आपल्या माणसाला, जे सांगायचं राहिलंय, ते सांगून टाका.