सोनबाचं नाव वाढवा

वकीलसाहेब, तात्याबाचं बोलणं तुम्ही उलटं लिहिलंत. तो निरक्षर होता, मुका नव्हता.

कन्हेरीच्या शिवारात त्याचा बांध माझ्या बांधाला लागून. मेंढरं विकून त्यानं स्वतः घेतलेलं रान. मेथी-भेंडी बारामतीच्या बाजारात जायची. मूलबाळ नाही. पहिल्या मृत्युपत्रात अर्धं रान पुतण्या सोनबाला लिहिलं होतं, अर्धं सारजाला. सारजा त्याच्या बहिणीची लेक. नवरा मेल्यावर सासरच्यांनी हाकलली, ती मामाच्या खोपीत आली. सोनबा इंदापूरला घरजावई होऊन बसला. म्हातारा तापानं पडला तेव्हा निरोपावर निरोप धाडले, तो फिरकला नाही. हागणंमुतणं सारजानं काढलं.

म्हणून सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तात्याबा मृत्युपत्र बदलायला तुमच्याकडं आला. मी सोबत होतो. मला तुमच्या शिपायानं दाराबाहेर बसवलं. साक्षीला कचेरीच्या आवारातलेच नेहमीचे दोघे उभे केले.

परतताना म्हातारा हलका झाला होता.

"सायबाला सांगितलं, सोनबाचं नाव वाढवा. आन् रान समदं एकाकडंच ऱ्हाऊ द्या."

"सरळ पुसा म्हनायचं की," मी चेष्टेनं म्हणालो.

"जित्या पोराचं नाव पुसा म्हनू? माझ्या भावाचं रगत हाय ते. तुझ्या घरात दिवा इझवत्यात व्हय रं? वाढवत्यातच की."

मलाही वावगं वाटलं नाही. आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. वाईट शब्द तोंडून काढायचा नाही, एवढंच.

माघात तो गेला. दहाव्याला सोनबा आला तो तुमच्या कचेरीतून कागद घेऊनच. चावडीवर वाचला : सोनबाचा हिस्सा वाढवून सर्व जमीन त्यासच द्यावी. सारजाचं नावच नाही. तळाला 'वाचून दाखविले, मान्य आहे' आणि म्हाताऱ्याचा अंगठा. कोणी वाचलं? कधी?

सारजा भांडली नाही. रान जातंय याचंही बोलली नाही. तिला मी शब्दाचा घोळ परोपरीनं सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रावजीदादा, सायब शिकल्यालं. त्ये कसं चुकंल? मामाच्याच मनातनं मी उतरली आसंल."

भेंडीचा तोडा संपला की खोप सोडायची, असं सोनबानं बजावलंय. कॅनॉलच्या वाटेनं बायका जातात, पण खाली उतरत नाहीत. म्हाताऱ्यानं तोडली म्हणजे हिनंच काही केलं असणार, असं बोलतात. ती दिवसभर खाली मान घालून खुरपते. सांजच्याला बांधापलीकडून तिचा आवाज येतो. मोकळ्या खोपीला विचारत असते, मामा, माझं काय चुकलं?

साहेब, माझं तिला पटत नाही. कागद धाडू नका, तिला वाचता येत नाही. बांधावर या, तिच्यासमोर उभे राहा आणि तोंडानं सांगा : तिला म्हाताऱ्यानं टाकली, की तुम्ही?